माळेत काय भरलंय?

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन.

यात्रेकरू माय-बापहो, आज तुम्ही लांबून चालत आलात. कुणी पहाटे अंधारात घर सोडलं, कुणाच्या पायाला फोड आले, कुणाच्या कडेवर लेकरू. तरी हातातली माळ काही सुटली नाही. मी मघापासून इथं बसून बघतो आहे. मन भरून येतं. आणि त्याच वेळी एक प्रश्नही मनात उभा राहतो. तो मी आधी स्वतःला विचारतो, मग तुम्हाला. माळ हातात आहे. मन कुठं आहे?

रागावू नका. माझीच गोष्ट सांगतो. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. धर्मशिक्षण झालेलं, कीर्तनगुरूंच्या घरी राहून पूर्वरंग-उत्तररंग शिकलेलो, आवाजही बरा. घरी दिवेलागण झाली की जपमाळ व्हायची आणि ती चालवायचा मान माझ्याकडे. पाचही रहस्ये मी बारा मिनिटांत संपवायचो! वर त्याचा अभिमान. माझी आई निरक्षर. एका संध्याकाळी माळ संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाळा, तुझ्या मागं कोण लागलं होतं रे?" घरातले सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगेन. आधी माळेची कथा ऐका, कारण माळ कुठून आली हे कळल्याशिवाय ती कशी जपावी हे कळत नाही.

पूर्वरंग

चला, चौथ्या शतकात जाऊ. इजिप्तचं वाळवंट. तिथं प्रभूच्या शोधात घरदार सोडून गेलेले तपस्वी राहत. त्यांच्या कथा पॅलेडियस नावाच्या बिशपांनी इसवी सन ४२०च्या सुमारास लिहून ठेवल्या. त्यात पौल नावाचे एक तपस्वी आहेत. ते रोज ३०० प्रार्थना म्हणत. मोजायच्या कशा? ओटीत ३०० खडे घेऊन बसायचे. एक प्रार्थना झाली की एक खडा टाकायचा. ओटी रिकामी झाली, जप पुरा झाला.

एक दिवस त्यांच्या कानावर आलं की अमुक गावात एक कुमारिका रोज ७०० प्रार्थना म्हणते. झालं! पौलबाबांचं मन खट्टू झालं. आपण इतकं तप केलं आणि एक मुलगी आपल्यापुढं गेली! ते संत मकॅरियस यांच्याकडे गेले आणि दुःख सांगितलं. मकॅरियस म्हणाले, मी ६० वर्षं रोज फक्त १०० प्रार्थना म्हणतो, हातानं कष्ट करून भाकरी मिळवतो, भेटायला येणाऱ्या बंधूंशी बोलतो, आणि माझं मन मला दोष देत नाही. तू ३०० म्हणतोस आणि तरी तुझं मन तुला खातं, तर एक तर तू शुद्ध मनानं म्हणत नाहीस, नाही तर याहून जास्त म्हणता येत असून म्हणत नाहीस.

बघा माय-बापहो, माळ जन्मायच्या आधीच माळेचा रोग जन्मला होता! मोजणी आली की तुलना आली, तुलना आली की मन प्रभूपासून उठून शेजाऱ्याच्या ओटीत जाऊन बसलं.

आता युरोपात चला. मठांमध्ये साधू १५० स्तोत्रं लॅटिनमध्ये म्हणत. पण मठात आणखीही बंधू असत. नांगर धरणारे, भाकरी भाजणारे, गुरं राखणारे. त्यांना अक्षरओळख नव्हती, लॅटिन तर दूरच. त्यांनी काय म्हणायचं? त्यांना सांगितलं, तुम्ही स्तोत्रांच्या जागी प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणा, 'आमच्या बापा'. स्तोत्रं १५०, म्हणून या प्रार्थनाही १५०. आणि मोजायला दोरी आली, दोरीला गाठी आल्या, गाठींच्या जागी मणी आले. 'आमच्या बापा'चे लॅटिनमधले पहिले दोन शब्द म्हणजे 'पाटेर नोस्टर', म्हणून माळेलाच ते नाव पडलं. तेराव्या शतकात पॅरिस शहरात या माळा करणाऱ्या कारागिरांचे वेगवेगळे संघ होते. हाडा-शिंगाचे मणी करणारे वेगळे, पोवळ्या-शिंपल्यांचे करणारे वेगळे.

म्हणजे माळ ही मुळात कुणाची? विद्वानाची नव्हे. ज्याला वाचता येत नाही त्याची. ती गरिबाची पोथी आहे. आपल्याकडं फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच ओळखलं. गोव्यात आलेला हा इंग्रज धर्मगुरू. त्यानं आपल्या लोकांना लॅटिन कळत नाही हे पाहून प्रभूचं चरित्र मराठी ओव्यांत गायलं. १६१६ साली राशोलला छापलेलं ते ख्रिस्तपुराण. ज्याला पोथी वाचता येत नाही त्याच्या कानात आणि हातात प्रभू द्यायचा, ही रीत जुनी आहे.

पुढं बाराव्या शतकापासून देवदूताचा नमस्कार, म्हणजे आपण म्हणतो तो 'नमो मारिया', घरोघरी पोचला. त्यात पहिला अर्धा भाग शुभवर्तमानातला. गाब्रिएल दूताचे शब्द आणि एलिझाबेथबाईंचे शब्द, दोन्ही संत लूकच्या पहिल्या अध्यायात आहेत. मरियेला आपल्यासाठी विनवण्याचा दुसरा अर्धा भाग हळूहळू जोडला गेला आणि आज म्हणतो त्या रूपात १५६८च्या रोमन प्रार्थनाग्रंथात पक्का झाला. १५० वेळा 'नमो मारिया' म्हणायचं, याला लोक मरियेचं स्तोत्रपुस्तक म्हणू लागले.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, माळ तर मरियामातेनं संत डॉमिनिक यांना दिली असं आम्ही ऐकलंय. होय, परंपरा तसं सांगते आणि चर्चमधल्या चित्रांतही तुम्ही ते पाहिलंय. संत डॉमिनिक १२२१ साली वारले. त्यांच्या काळाजवळच्या कागदपत्रांत ही कथा सापडत नाही, असं इतिहासकार सांगतात. मला यात श्रद्धेचा तोटा दिसत नाही. त्यांच्या संघाच्या फादरांनी माळ गावोगाव नेली, हे तर इतिहासाला मान्यच आहे. आलां द ला रोश नावाच्या त्यांच्या एका फादरांनी १४७० साली दुए या गावी माळेचा भक्तसंघ उभारला. १४७५ साली जर्मनीत कलोन शहरात तसाच संघ निघाला. नाव नोंदवायला पैसा पडत नसे. श्रीमंत-गरीब, बाई-पुरुष सगळ्यांची नावं एकाच वहीत.

पण माय-बापहो, आजच्या कथेतला माझा लाडका माणूस वेगळाच आहे. त्याचंही नाव डॉमिनिक, प्रशियाचा डॉमिनिक. पंधराव्या शतकाच्या आरंभी ट्रीर शहरातल्या कार्थुसियन मठात तो राहायचा. कार्थुसियन म्हणजे मौन पाळणारे साधू. त्यानं काय केलं? ५० 'नमो मारिया' घेतले, आणि प्रत्येकात येशूचं नाव आलं की त्यापुढं एक छोटं वाक्य जोडलं. येशू, ज्याला देवदूतानं सांगितल्यावर तू उदरात धारण केलंस. येशू, ज्याला तू गोठ्यात जन्म दिलास. असं करत करत ५० मण्यांत प्रभूचं सगळं जीवन ओवलं. मणी तेच, शब्द तेच, पण आता प्रत्येक मण्याला एक खिडकी पडली. आतून प्रभू दिसायला लागला.

आपल्या बायाबापड्यांना हे सांगायला नको. जात्यावर बसलं की ओवी सुचते. जातं फिरतंय तेच, पण प्रत्येक फेरीला नवी ओवी. हात दळतो, मन माहेरी जातं. माळेचं तेच आहे. ओठांचं जातं फिरू द्या, मन बेथलेहेमला जाऊ द्या.

त्या ५० वाक्यांतून आणि तशा इतर प्रयत्नांतून पुढं १५ रहस्यं ठरली: आनंदाची, दुःखाची, गौरवाची. १५६९ साली पोप पाचवे पायस यांनी माळेचं हे रूप अधिकृतपणे मान्य केलं. १५७१च्या ७ ऑक्टोबरला लेपांतोची समुद्रावरची लढाई झाली, म्हणून जपमाळेचा सण आजही ७ ऑक्टोबरला येतो. लढाईची कथा मी लांबवत नाही. आपली लढाई आज आपल्या मनाशी आहे. गोव्याकडचे आपले बांधव माळेला 'तेर्स' म्हणतात. पोर्तुगीज शब्द आहे, अर्थ 'तिसरा हिस्सा'. १५ रहस्यांपैकी पाच म्हणजे तिसरा हिस्सा. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्यं दिली आणि २० झाली, पण 'तेर्स' हे नाव तसंच राहिलं!

एवढा इतिहास का सांगितला? तर लक्षात घ्या. आधी मोजणं आलं, हजार वर्षांनी पाहणं आलं. मोजणं हे माळेचं शरीर, पाहणं हा तिचा प्राण. पोप सहावे पॉल यांनी १९७४ साली हेच बजावलं, की ध्यान नसलेली माळ म्हणजे आत्मा नसलेला देह. आणि देह आत्म्याविना राहिला की त्याला आपण काय म्हणतो, ते मी यात्रेच्या दिवशी बोलत नाही.

आता पाहायचं कसं? आपल्याला संतांनी शिकवलंय. चार संतांची चार वाक्यांत शिकवण सांगतो, घरी घेऊन जा.

पहिल्या आविलाच्या संत तेरेजा. स्पेनच्या, सोळाव्या शतकातल्या. त्या म्हणतात, प्रार्थनेला बसलास की आधी बघ, तू बोलतोस कुणाशी आणि बोलणारा तू कोण. एवढंच. त्यांच्याकडं एक वयस्कर बाई रडत आल्या. म्हणाल्या, मला ध्यान जमत नाही, मी आपली तोंडानं म्हणते तेवढीच प्रार्थना. तेरेजाबाईंनी विचारलं, काय म्हणता? चौकशी केली तर कळलं, ती 'आमच्या बापा' म्हणता म्हणता प्रभूशी इतकी एकरूप होत होती की मोठमोठ्या ध्यान करणाऱ्यांना ते लाभत नाही! तेरेजाबाई लिहितात, मला तिच्या त्या तोंडी प्रार्थनेचा हेवा वाटला. मग आता तुम्हीच सांगा, माळ लहान कशी?

दुसरे संत इग्नेशियस लोयोला. त्यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात प्रार्थनेच्या तीन रीती सांगितल्या. दुसऱ्या रीतीत एका शब्दावर थांबायचं, जोवर गोडी लागते तोवर पुढं जायचं नाही. तासाभरात एक-दोनच शब्द झाले तरी चालेल. तिसऱ्या रीतीत एका श्वासाला एकच शब्द. करून बघा. 'मारिया', श्वास. 'कृपा', श्वास. धावणाऱ्या मनाला श्वासाचा लगाम लागतो.

तिसरे संत फ्रान्सिस द सेल्स. १६०९ साली त्यांनी संसारी माणसांसाठी पुस्तक लिहिलं. साधूंसाठी नव्हे, नवरा, बायको, दुकानदार यांच्यासाठी. ते सांगतात, घाईनं पुष्कळ प्रार्थना म्हणण्यापेक्षा मनापासून म्हटलेला एक 'आमच्या बापा' बरा. माझ्या बारा मिनिटांना हे औषध तेव्हाच कुणी पाजलं असतं तर!

चौथी आपली छोटी तेरेजा, लिझ्यूची. २४ वर्षांची होऊन गेली. आज चर्च तिला महागुरूचा मान देतं. तिनं काय कबूल करावं? एकटीनं जपमाळ म्हणणं मला शरीराला क्लेश देण्यापेक्षा जड जातं! रहस्यांवर मन ठरवायला ती धडपडायची, ठरत नसे. फार दिवस याचं दुःख केलं. शेवटी तिला उमगलं: स्वर्गाची राणी माझी आईच ना? आईला लेकराची धडपड दिसते, तेवढ्यात ती समाधान मानते. तेव्हा माय-बापहो, मन पळालं म्हणून माळ टाकू नका. पुन्हा आणा. पुन्हा पळालं, पुन्हा आणा. त्या आणण्यालाही आई प्रार्थनाच समजते.

आख्यान

आता आख्यान, आपल्या गोव्याच्या मातीतलं. संत जोसेफ वाझ. १६५१ साली बाणावलीला जन्म. मरियामातेचं वेड असं, की १६७७ साली सांकवाळ इथं त्यांनी आपल्या हातानं कागद लिहून दिला: मी मरियेचा दास.

त्या काळी श्रीलंकेत काय चाललं होतं? १६५८ साली डचांनी पोर्तुगीजांकडून जाफना घेतलं. कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिलं, त्यांना आसरा देणाऱ्याला कडक शिक्षा ठरवली. चर्च गेलं, मिस्सा गेली, पापनिवेदन गेलं. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, जवळजवळ ३० वर्षं. तिथं जन्मलेलं मूल स्वतः बाप झालं, पण त्यानं वेदीवर फादर पाहिला नाही.

गोव्यात हे कळलं आणि फादर वाझ अस्वस्थ झाले. १६८७ साली अंगावर मजुराच्या चिंध्या, पाय अनवाणी, बरोबर जॉन नावाचा एक तरुण सेवक, असे ते समुद्र ओलांडून गेले. जाफन्यात पोचले आणि हगवणीनं आडवे पडले. परक्या गावात रस्त्याच्या कडेला. दया येऊन कुणी पेज दिली, म्हणून जगले.

बरे झाले. आता कोडं असं: इथं आपली माणसं कोणती? विचारलं तर पकडले जातील, आणि सांगणाराही पकडला जाईल. कॅथलिक घरानं आपली खूण दारावरून पुसून टाकलेली. मग फादरांनी काय केलं? गळ्यात जपमाळ घातली, लोकांना दिसेल अशी, आणि दारोदार भीक मागायला निघाले.

तोंडानं भीक मागायची आणि डोळ्यांनी चेहरा वाचायचा. कुणी तांदूळ घातले, कुणी हाकललं, कुणाला त्या मण्यांचं काहीच वाटलं नाही. पण एका घरी, त्यांच्या चरित्रकारांनी सांगितलंय, घरच्यांची नजर माळेवर जाऊन अडकली. पुन्हा आले, पुन्हा तसंच. मन धीट करून बोलणं झालं. होय, आम्ही कॅथलिक आहोत. फादर तुमच्याकडं आला तर हवा आहे का? हवा आहे! मग त्या भिकाऱ्यानं सांगितलं: तो मीच.

माय-बापहो, इथं थांबा. ३० वर्षं चर्च नाही, मग त्या माणसांना मण्यांची ओळख राहिली कशी? घरात, रात्री, दार लावून, माळ चालूच राहिली होती म्हणून. बाहेरचं सगळं काढून घेता येतं. मूठ झाकून धरलेली माळ कोण काढून घेणार? त्या मुठीत त्यांनी आपला प्रभू सांभाळून ठेवला होता. त्यावर फादर वाझ यांनी पुढं रात्री-रात्री मिस्सा करत श्रीलंकेची श्रद्धा पुन्हा उभी केली. १७११ साली कँडीत ते प्रभूकडे गेले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत जाऊन त्यांना संत घोषित केलं.

आता आईकडे परत येतो. शेवटच्या वर्षी तिची स्मृती गेली. मला ओळखेना. मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारायची. प्रार्थनाही पुरी म्हणता येईना, दोन शब्दांनी अडायची. पण माळ हातात दिली की धरायची. एका रात्री मी शेजारी बसून आनंदाची रहस्यं म्हणत होतो, सवयीनं, भरभर. तिसरं रहस्य आलं, प्रभूचा जन्म. आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "गोठ्यात गारठा असेल. बाळाला काहीतरी पांघरा."

मी गप्प झालो. माळ पुढं नेववेना.

आयुष्यभर तिनं मणी मोजले नव्हते. ती बेथलेहेमला जात होती. चुलीपुढं बसून, दमलेली, डोळे मिटून. सगळं विसरली, लेकालाही विसरली, पण तो गोठा विसरली नाही, कारण तिनं तो मण्यात भरून ठेवला होता. आणि मी? माझी स्मृती उद्या गेली तर माझ्या मण्यांतून काय निघेल? बारा मिनिटं निघतील! त्या रात्री मला आईचा जुना प्रश्न कळला. माझ्या मागं कुणीच लागलं नव्हतं. मीच आईला आणि प्रभूला मागं टाकून धावत होतो.

तेव्हापासून माझी माळ हळू झाली. कधी पाच रहस्यं होतात, कधी दोनच. येशूचं नाव आलं की त्या ट्रीरच्या मौनी साधूसारखं एक वाक्य मनात घालतो. येशू, ज्याला गारठा लागला. येशू, जो चालून चालून दमला. आज तुमचेही पाय दुखतायत ना? मग दुःखाचं चौथं रहस्य, प्रभू क्रूस घेऊन चालतो ते, आज तुमच्याइतकं कुणाला समजणार?

म्हणून एवढंच मागतो. उद्या परत जाताना वाटेत माळ म्हणाल, तेव्हा एक तरी दशक असं म्हणा. थांबत, बघत. घरी म्हाताऱ्या आईबापांशेजारी बसाल तेव्हा आणि लेकरांना शिकवाल तेव्हाही. लेकरांना किती झाले हे नंतर विचारा. काय दिसलं हे आधी विचारा. चर्च असेल-नसेल, डोळे राहतील-जातील, नावं आठवतील-विसरतील. माळेत आज जे भराल तेच त्या दिवशी हाती येईल.

आता आवाज नको. सगळ्यांनी माळ हातात घ्या. पहिला मणी धरा. एक श्वास घ्या. कुणाशी बोलतोय ते आठवा. मग हळूच सुरू करा.

प्रभू येशू ख्रिस्ताचा जयजयकार असो. मरियामाता आमच्यासाठी विनंती करो. आमेन.